उडत गेलेला तो काळा पक्षी कोणता? पुण्यातल्या नवख्यांसाठी ओळखीच्या पायऱ्या

पुण्याच्या आकाशात उंचावर संथ घिरट्या घालणारा मोठा काळपट पक्षी दिसला, तर ती बहुतेक वेळा घार असते. नदीवरून सरळ रेषेत, भराभर पंख मारत काळा पक्षी गेला, तर तो बहुतेक वेळा पाणकावळा असतो. एवढ्या दोन गोष्टींवर नवख्या माणसाचे बरेच प्रश्न सुटतात. हा लेख उरलेल्या प्रश्नांसाठी आहे. घार वाटत नाही, कावळा तर नाहीच, मग काय होतं ते?

पक्षी बघायला सुरुवात केली की बसलेले पक्षी लवकर जमतात. दयाळ, बुलबुल, शिंजीर फांदीवर नीट दिसतात, पुस्तकातल्या चित्राशी जुळवता येतात. उडणारा पक्षी तेवढा वेळ देत नाही. गच्चीवर कपडे वाळत घालताना, म्हात्रे पुलावर गर्दीत अडकलेलं असताना, वेताळ टेकडीवर चालताना तो डोक्यावरून जातो आणि आपल्याकडे उरते फक्त 'काहीतरी काळं होतं' एवढी आठवण. मीही याच वाटेने शिकलो. 'हा कोणता?' असं आधी विचारलं की मन घाईने एखादं नाव चिकटवतं आणि पुढे डोळे त्या नावाला शोभेल तेवढंच बघतात. म्हणून पहिला प्रश्न 'मला नक्की काय काय दिसलं?' हा ठेवा. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

जवळ काय असावं

- खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिल. पावसाळ्यात पेनाची शाई पसरते, पेन्सिल टिकते.
- दुर्बीण. ८×४२ ची घ्या. यातला ८ म्हणजे पक्षी किती पट जवळ दिसतो ते, आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये.
- मोबाइलमध्ये ईबर्ड आणि मर्लिन ही दोन अ‍ॅप. दोन्ही अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेची आहेत आणि दोन्ही फुकट आहेत. मर्लिनमधली आपल्या भागातल्या पक्ष्यांची माहिती घरीच डाउनलोड करून ठेवा, घाटात रेंज मिळेलच असं नाही.
- भारतीय पक्ष्यांचं एखादं पुस्तक, ज्यात शिकारी पक्षी उडताना खालून कसे दिसतात त्याची चित्रं वेगळी दिली आहेत.
- कॅमेरा असेल तर उत्तम. नसेल तर अडत नाही.

दुर्बीण घेताना १०, १२ किंवा त्याहून जास्त पट जवळ दाखवणारी घ्यायचा मोह होतो. उडत्या पक्ष्यासाठी ती गैरसोयीची पडते, कारण जितकं जास्त जवळ दिसेल तितकं आकाश कमी मावतं आणि हात थोडा हलला तरी पक्षी चौकटीबाहेर जातो. झूमवाल्या दुर्बिणी तर या कामासाठी घेऊच नका.

१. नजर पक्ष्यावर, हात दुर्बिणीवर

पक्षी दिसला की बहुतेक जण खाली बघून दुर्बीण शोधतात, ती डोळ्यांना लावतात आणि मग आकाशभर पक्ष्याला हुडकत बसतात. उलटं करा. नजर पक्ष्यावरून काढू नका, मान हलवू नका, दुर्बीण वर आणून डोळ्यांपुढे धरा. घराबाहेर पडतानाच लांबच्या इमारतीवर फोकस लावून ठेवा म्हणजे वर बघताच चित्र बऱ्यापैकी स्वच्छ मिळतं. हा सराव घारींवर करा. पुण्यात त्यांची वाण नाही.

मोबाइल मात्र खिशातच राहू द्या. चार-पाच सेकंदांत मोबाइल काढून, कॅमेरा उघडून, बोटाने झूम करून मिळतो तो निळ्या आकाशातला एक ठिपका. तेवढ्या वेळात डोळ्यांनी शेपटी, मान आणि पंखांचा आकार टिपून होतो.

दोन सूचना जिवाच्या आहेत. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही बघू नका, घिरट्या घालणाऱ्या पक्ष्यामागे जाताना हे नकळत होतं. आणि दुर्बीण डोळ्यांना असताना पाऊल उचलू नका. सिंहगडाच्या कड्यावर, टेकडीच्या उतारावर, पुलाच्या कठड्याशी आधी थांबा, मग वर बघा.

२. खरंच काळा होता का, ते आधी ठरवा

नवख्याची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर जवळजवळ कुठलाही पक्षी काळा दिसतो. सूर्य पक्ष्याच्या मागे असेल तर साळुंकी काळी, पारवा काळा, सायंकाळी परतणारा बगळासुद्धा काळा. म्हणून वहीत 'काळा' लिहिण्याआधी दोन गोष्टी लिहा: सूर्य कुठे होता, आणि पक्षी कुठल्या पार्श्वभूमीवर दिसला.

सूर्य तुमच्या पाठीशी असेल तर रंगावर थोडा भरवसा ठेवता येतो. सकाळी वेताळ टेकडीवर असाल तर पश्चिमेकडे, पाषाण-बावधनच्या बाजूला तोंड करून उभे राहा, तिकडून जाणारे पक्षी प्रकाशात दिसतील. संध्याकाळी उलट करा. पक्षी वळतो, झुकतो तेव्हा क्षणभर त्याची पाठ किंवा पोट उजेडात येतं, त्या क्षणाची वाट बघा. पक्षी झाडीवरून किंवा डोंगराच्या उतारावरून गेला तर पार्श्वभूमी गडद होते आणि खरा रंग पटकन कळतो. सिंहगडावर कड्याच्या वर उभं राहून खालच्या दरीतले पक्षी बघण्याची मजा हीच: ते आपल्या पायांखालून जातात आणि त्यांची पाठ दिसते.

पूर्ण रंग दिसला नाही तरी एखादा फिकट डाग दिसतो. पंखावर पांढरी खिडकी होती का? कंबरेवर पांढरा पट्टा? मान पांढरी? अंगभर काळ्यापेक्षा असा एक डाग ओळखीला जास्त उपयोगी पडतो.

३. आकारमान नेहमीच्या पक्ष्यात मोजा

'खूप मोठा होता' हे वर्णन कुणालाच उपयोगी पडत नाही. उंची कळत नसेल तर आकाशातल्या पक्ष्याचं आकारमान डोळा हमखास चुकवतो. त्यामुळे मोजपट्टी पक्ष्यांचीच ठेवा:

- चिमणी, सुमारे १५ सेंटीमीटर
- साळुंकी, सुमारे २५
- घरकावळा, सुमारे ४०
- घार, सुमारे ६०, आणि पसरलेले पंख जवळपास दीड मीटर

हे चार पक्षी शहरात रोज दिसतात. 'कावळ्यापेक्षा मोठा, घारीपेक्षा लहान' एवढं सांगता आलं की यादी एकदम छोटी होते.

कावळे यात फार मदत करतात. कुठलाही शिकारी पक्षी दिसला की ते त्याच्या मागे लागतात. त्या वेळी अनोळखी पक्षी आणि कावळा एकाच उंचीवर, शेजारी शेजारी असतात. यापेक्षा चांगली तुलना मिळणार नाही. कावळ्यांचा एकदम गलका झाला की लगेच वर बघायची सवय लावून घ्या.

४. आकृती वाचा: मान, पाय, शेपटी, पंख

सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर द्या. रंग उजेडाबरोबर बदलतो, आकृती बदलत नाही. क्रम ठरवून ठेवला तर तीन-चार सेकंदांतही चारही गोष्टी बघून होतात.

मान. पुढे ताणलेली होती की आत ओढलेली? बगळे आणि ढोकरी उडताना मान दुमडून घेतात. पाणकावळे, शराटी (म्हणजे आयबिस), करकोचे आणि बदकं मान पुढे ताणून उडतात. या एका प्रश्नाने पाणपक्ष्यांची दोन गटांत वाटणी होते. घारी, गरुड यांची मान आखूड असते, पण मधुबाज, म्हणजे हनी बझर्ड, याचं डोकं लहान आणि मान लांबट वाटते. त्यावरून तो घारीपासून वेगळा काढता येतो.

पाय. शेपटीच्या मागे पाय बाहेर आलेले दिसले का? करकोचे, बगळे आणि मोर शराटी यांचे पाय मागे स्पष्ट दिसतात. पाणकावळ्याचे दिसत नाहीत, त्याची लांबट शेपटीच दिसते.

शेपटी. दुभंगलेली, सरळ कापलेली, गोल की पाचरीसारखी निमुळती? घारीच्या शेपटीला मध्ये उथळ खाच असते. कोतवालाची शेपटी खोलवर दुभंगलेली. ब्राह्मणी घारीचं नुकतंच उडू लागलेलं पिल्लू तपकिरी असतं आणि साध्या घारीसारखं भासतं, पण त्याची शेपटी गोल असते. इथे एक खबरदारी: घारीने शेपटी पसरली की खाच नाहीशी होते आणि कडा सरळ दिसते. पिसं गळण्याच्या काळात तर एखादं पीस नसतंच. तेव्हा एका क्षणाच्या शेपटीवर निकाल देऊ नका, पक्षी वळेपर्यंत बघत राहा.

पंख. रुंद की अरुंद? टोकाशी गोल की टोकदार? घारी आणि गरुडांच्या पंखांच्या टोकाला सुटी सुटी पिसं दिसतात, त्यांना पक्षी बघणारे 'बोटं' म्हणतात. ससाण्याचे पंख टोकदार, बोटं दिसत नाहीत. पाकोळीचे पंख अरुंद, लांब आणि मागे वळलेले. समोरून किंवा मागून बघताना पंख कसे धरले आहेत तेही टिपा. घार पंख जवळपास सपाट किंवा किंचित खाली झुकवून तरंगते. भोवत्या, म्हणजे हॅरियर, पंख वर उचलून इंग्रजी 'व्ही' आकारात धरतो. काळा गरुडही पंख वरच्या बाजूला धरतो.

५. उडण्याची ढब बघा

मनातल्या मनात पंख मोजा. पाणकावळा सारखे पंख मारतो, मध्ये थोडं तरंगतो आणि पुन्हा मारतो. शराट्यांचा थवा काही वेळ पंख मारतो, मग सगळे मिळून तरंगतात. राखी धनेश थोडे पंख मारून लांबवर तरंगत जातो, मग खालीवर होत झाडात शिरतो. कोकीळ सरळ, घाईघाईने, न थांबता उडतो आणि अनेकदा त्याच्या पाठीशी कावळे असतात, कारण कोकिळेची अंडी कावळ्याच्या घरट्यात असतात. भारद्वाज कष्टाने चार पंख मारतो आणि तरंगत झुडपात उतरतो. तांबूस विटकरी पंख त्या वेळी उघडतात आणि शंका संपते.

घारीची एक खूण पाठच करा. ती हवेत तरंगताना शेपटी होडीच्या सुकाणूसारखी डावी-उजवीकडे पिळत राहते. अशी पिळणारी शेपटी आणि त्यात उथळ खाच दिसली की दुसरं नाव शोधायची गरज नाही.

थवा असेल तर त्याची रचना टिपा: तिरकी रांग, 'व्ही', की विस्कळीत गर्दी. आणि आवाज. उडता पक्षी ओरडला तर तो आवाज जसा ऐकू आला तसा अक्षरांत उतरवा. 'क्वॉक', 'चिर्र', 'शिट्टीसारखा बारीक', काहीही चालेल. आठवणीतून आवाज फार लवकर पुसला जातो.

६. जागा, वेळ, महिना

हे लिहायला दहा सेकंद लागतात. तेवढ्यावर अनेक नावं गळतात. कवडीपाटला मुळा-मुठेच्या काठी उडणारा काळा पक्षी आणि दिवे घाटातल्या माळावर उडणारा काळा पक्षी यांच्या याद्या वेगळ्या.

महिना तितकाच महत्त्वाचा. दलदली भोवत्या, राखी कोतवाल, बूटेड ईगल (एक लहान गरुड) हे हिवाळी पाहुणे. ते साधारण ऑक्टोबर ते मार्च या काळात दिसतात. भोरड्यांचे (गुलाबी साळुंक्यांचे) थवेही हिवाळ्यातलेच, आणि पळस, सावर फुलली की ते शहरातही ठळक दिसतात. पावसाच्या तोंडावर चातक येतो: काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, उडताना पंखावर पांढरा ठिपका. उन्हाळ्यात 'भोवत्या दिसला' असं वाटलं तर पुन्हा एकदा शेपटीची खाच आठवून बघा.

७. पुण्यात भेटणारे काळे पक्षी

आता नावांकडे येऊ. सगळे देत नाही, ज्यांच्यावरून गोंधळ उडतो तेवढेच.

*चिमणी ते साळुंकीएवढे.* इमारतींवरून, पुलांवरून सतत वळणं घेत उडणारे छोटे काळे पक्षी बहुधा पाकोळ्या. कंबरेवर पांढरा पट्टा आणि आखूड, सरळ शेपटी दिसली तर ती पुलाखाली किंवा छज्जाखाली घरटं करणारी पाकोळी. ताडामाडांच्या आसपास बारीक, लांब दुभंगलेली शेपटी दिसली तर ताडपाकोळी. पाकोळ्या तारेवर कधीच बसत नाहीत, त्यांच्यासारख्याच दिसणाऱ्या भिंगऱ्या (स्वॅलो) बसतात. उडणारा पक्षी तारेवर उतरला की पाकोळी बाद. साळुंकीएवढ्या पक्ष्यांचा दाट, वेगाने एकदम वळणारा थवा हिवाळ्यातल्या संध्याकाळी दिसला तर भोरड्या. साळुंकी एकटी काळी दिसली तरी उडताना पंखांवरच्या पांढऱ्या खिडक्या लपत नाहीत.

कोतवाल बुलबुलापेक्षा मोठा, अंगाने सडपातळ, शेपटी लांब आणि दुभंगलेली. तारेवरून झेप घेऊन किडा पकडतो आणि पुन्हा तिथेच येतो. भीमाशंकर, ताम्हिणीकडे कोतवालासारख्याच काळ्या पक्ष्याच्या शेपटीला मागे दोन लांब लोंबती पिसं दिसली तर तो भृंगराज.

*कावळ्याएवढे.* आधी दोन्ही कावळे पक्के करा. घरकावळ्याची मान राखाडी, बांधा सडपातळ. डोमकावळा पूर्ण काळा, चोच जाड, पंखांची उघडझाप संथ आणि खोल. कोकिळाची शेपटी कावळ्यापेक्षा लांब, डोकं लहान. शाहीन ससाणा कावळ्याएवढा, टोकदार पंखांचा, कबुतरांमागे लागतो आणि सिंहगडासारख्या कड्यांवर किंवा शहरात उंच इमारतींवर बसतो. पारव्यांचा थवा अचानक भीतीने फुटला तर आजूबाजूला त्याला शोधा.

*कावळ्यापेक्षा मोठे, पाण्याजवळचे.* पाषाण, खडकवासला, कवडीपाट आणि मुळा-मुठेचा सगळा काठ हे या पक्ष्यांचं राज्य. छोटा पाणकावळा सगळ्यात जास्त दिसतो: आखूड मान, लांब शेपटी, पूर्ण काळा. मोर शराटी सडपातळ, चोच लांब आणि खाली वाकलेली, पाय शेपटीमागे बाहेर. उन्हात त्याच्या अंगावर तांबूस-हिरवी झळाळी येते, एरवी काळाच. काळा शराटी थोडा भारी बांध्याचा. खांद्यावर पांढरा डाग दिसला तर तो हाच, आणि पाय मोर शराटीसारखे मागे बाहेर येत नाहीत. तो पाण्यापेक्षा माळावर, नांगरलेल्या शेतात जास्त असतो आणि उडताना कर्कश ओरडतो. नवखे लोक याला 'काळा बगळा' म्हणतात. मान पुढे ताणलेली असेल तर बगळा नाही, एवढं आठवा.

मोठा काळा पक्षी, मान मात्र पांढरी आणि ताणलेली, पाय मागे: कांडेसर, करकोच्यांपैकी. पाषाणवर काळपट बदकांची रांग बारीक शिट्ट्या वाजवत गेली तर अडई. पंखांची खालची बाजू पांढरी चमकली तर हळदीकुंकू बदक.

*घारीएवढे आणि मोठे.* आधी घारच धरून चाला आणि मग ती घार नसल्याचा पुरावा शोधा. शेपटी लांब, डोकं लहान, पंख सपाट: मधुबाज. इमारतींना लागलेल्या आग्या मोहोळांसाठी तो शहरातही येतो. हिवाळ्यात घारीपेक्षा थोडा लहान, शेपटी सरळ कापलेली, आणि मान पंखाला मिळते तिथे दोन पांढरे ठिपके दिसले तर बूटेड ईगल. पाण्यावरून, गवतावरून खाली खाली उडणारा, पंख 'व्ही'त धरलेला, गडद तपकिरी, डोकं फिकट: दलदली भोवत्याची मादी. भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर ती हिवाळ्यात हमखास भेटते, बदकं एकदम उठली की ओळखावं.

आणि काळा गरुड. मुळशी, ताम्हिणी, भीमाशंकरच्या दाट झाडीवरून तो इतका संथ जातो की पंख न हलवता तरंगत असल्यासारखा वाटतो. पंख अंगाशी अरुंद आणि टोकाकडे रुंद, बोटं लांब, पाय पिवळे. झाडांच्या शेंड्यांना जवळजवळ लागून उडतो, कारण तो घरटी शोधत असतो. अंडी आणि पिल्लं हे त्याचं खाणं. घाटात 'ही घार अशी का उडतेय?' असा प्रश्न पडला तर हे नाव मनात आणा. शहराच्या मध्यात पडला तर घारच.

*अंधार पडताना.* सूर्यास्तानंतर मोठी काळी आकृती, शेपटी नाही, चोच नाही, पंखांची मागची कड नागमोडी, न तरंगता संथपणे पंख मारत जाते: ते वटवाघूळ, पक्षी नव्हेच. नदीवरून एकट्याने, मान दुमडून, पंख गोलसर, मध्येच एकदा 'क्वॉक' करून गेलेला रातबगळा. तो खरं तर खालून फिकट असतो, अंधुक उजेडात काळा दिसतो.

८. नोंद ताबडतोब लिहा

पुस्तक उघडण्याआधी लिहा. चित्र बघितलं की आठवण त्या चित्राकडे झुकते, आणि मग 'हो, लाल डोळा दिसला होता' असंही वाटायला लागतं. नोंद अशी नको:

'मोठा काळा पक्षी, नदीजवळ, गरुडासारखा.'

अशी हवी:

'डिसेंबर, संध्याकाळी ६.२०, म्हात्रे पूल. सूर्य मावळलेला. एकटा. कावळ्यापेक्षा मोठा, घारीपेक्षा लहान. मान आत. पाय नीट दिसले नाहीत. पंख रुंद, टोकाशी गोल. सतत संथ पंख मारत प्रवाहाच्या दिशेने. एकदा क्वॉक. रंग सांगता येत नाही.'

ही नोंद वाचून कुणीही अनुभवी माणूस रातबगळा म्हणेल. 'रंग सांगता येत नाही' हे वाक्य तिला आणखी विश्वासार्ह करतं. शेजारी एक रेखाचित्रही काढा. चित्रकला येण्याची गरज नाही: अंडाकृती अंग, त्याला मान, दोन पंख, शेपटी. शेपटीचा आकार शब्दांपेक्षा रेषेत लवकर सांगता येतो.

९. मग अ‍ॅप, पुस्तक आणि फोटो

मर्लिन तुम्हाला जागा, तारीख, आकारमान, रंग आणि पक्षी काय करत होता एवढं विचारतं आणि शक्यतांची यादी देतं. रंगात फक्त काळा टाकला की ती यादी भरकटते, म्हणून शंका असेल तर तपकिरी, राखाडी घालूनही बघा. यादीतलं पहिलं नाव उत्तर समजू नका. प्रत्येक नाव तुमच्या वहीतल्या नोंदीला लावून बघा आणि जे जुळत नाही ते खोडा. ईबर्डवर पुणे जिल्हा निवडला की कुठला पक्षी कुठल्या महिन्यात किती वेळा नोंदला गेलाय ते पट्ट्यांच्या रूपात दिसतं. नाव ठरवण्याआधी तो महिना एकदा तिथे तपासा.

फोटो काढत असाल तर कॅमेऱ्याला उजेड एक ते दीड पायरी वाढवायला सांगा, नाहीतर आकाश सुंदर येतं आणि पक्षी शाईचा डाग. शटर सेकंदाच्या एक हजाराव्या भागाच्या आसपास ठेवा आणि सलग फोटो घ्या, कारण एका फोटोत शेपटी मिटलेली असते, पुढच्यात उघडलेली. घरी आल्यावर सावल्या उजळणारी सेटिंग वाढवली तर काळ्या आकृतीतून पंखावरचे पट्टे वर येतात. अस्पष्ट फोटो अ‍ॅपला ओळखायला दिला तर तेही ठामपणे काहीतरी नाव देतं, त्यावर विसंबू नका.

पुण्यासाठी खास इशारा: एनडीएचा परिसर, लोहगाव विमानतळ, खडकीची लष्करी हद्द इथे कॅमेरा आणि दुर्बीण बाहेर काढू नका. खडकवासल्याला पक्षी बघताना एनडीएची हद्द जवळ असते हे ध्यानात ठेवा. पाट्या वाचा, पहाऱ्यावरच्या जवानाने हटकलं तर वाद न घालता निघा.

१०. जाणत्याला विचारताना

टेकडीवर, पाषाणला, कवडीपाटला रविवारी सकाळी पक्षी बघणारे लोक भेटतात. काका-काकूंपासून कॉलेजच्या मुलांपर्यंत सगळे आनंदाने मदत करतात. त्यांना आपलं उत्तर सांगून दुजोरा मागू नका. 'काका, काळा गरुड होता ना?' असं विचारलं की समोरचा माणूस नाही म्हणायला संकोचतो. वही पुढे करा आणि नोंद वाचून दाखवा. 'घार का नाही?' असं कुणी विचारलं तर तो अपमान नाही, पुढची पायरी आहे. खाच दिसली नाही की बघायची राहिली, एवढं प्रामाणिकपणे सांगा.

घरट्याजवळ जाऊन, दगड मारून किंवा मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला उडवण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका. विणीच्या दिवसांत अशाने घरटी उघडी पडतात.

११. तरीही नाव ठरलं नाही तर

जिथपर्यंत खात्री आहे तिथपर्यंतच लिहा. ईबर्डमध्ये 'पाणकावळा, जात ठरली नाही', 'पाकोळी, जात ठरली नाही' अशा अर्थाची नोंद करायची सोय आहे, ती वापरा. चुकीचं दुर्मीळ नाव टाकलं तर ती नोंद तपासणारा माणूस प्रश्न विचारतो. उत्तर देता आलं नाही तर ती मागे घ्यावी लागते.

मग त्याच जागी, त्याच वेळेला पुन्हा जा. पाणकावळे, शराटी, घारी आणि रातबगळे रोज रात्रथाऱ्याकडे किंवा चरायच्या जागेकडे बऱ्याचदा ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेळी जातात. काल म्हात्रे पुलावर ६.२० ला गेलेला पक्षी आज ६.१५ पासून उभं राहिलात तर पुन्हा दिसण्याची शक्यता चांगली असते. या वेळी पुलाच्या दुसऱ्या बाजूला उभे राहा, उरलेला उजेड पाठीशी येईल असं बघा, आणि काल वहीत जी जागा रिकामी राहिली होती तेवढीच बघा: पाय, किंवा शेपटी, किंवा पंखाखालचा रंग.